घासापासून जिन्यापर्यंत: रुग्णालयातील व्यवसायोपचाराची वाट

वरणभात कालवून त्याचा एक घास तोंडापर्यंत नेणे, हे काम माणूस लहानपणी एकदा शिकतो आणि पुढे जन्मभर त्याचा विचारही करत नाही. त्या एका घासामागे केवढी यंत्रणा राबत असते! पाठीचा कणा तोल सांभाळतो, खांदा हाताला स्थिर ठेवतो, कोपर वाकते, मनगट ताटाकडून तोंडाकडे वळते. बोटांची टोके भाताचा ओलसरपणा आणि चटका चाचपतात, अंगठा घास पुढे सारतो, डोळे ताटाची कड शोधतात आणि आधीचा घास गिळून झाला की नाही याचा हिशेब मेंदू ठेवतो. मेंदूतील एखादी रक्तवाहिनी बंद पडली की ही साखळी कुठेतरी तुटते. ती नेमकी कुठे तुटली ते शोधायचे आणि घास पुन्हा त्या माणसाच्या स्वतःच्या हाताने तोंडात जाईल असा उपचार आखायचा, हे व्यवसायोपचारतज्ज्ञाचे काम आहे. आंघोळ, कपडे, जेवण, स्वयंपाक, शाळा, नोकरी, छंद अशी माणसाचा दिवस ज्यांनी भरतो ती सगळी कामे या शास्त्राच्या कक्षेत येतात.

फिजिओथेरपी ही त्याची शेजारची शाखा. दोन्ही शाखांचे विद्यार्थी शरीररचना आणि स्नायूंचे शास्त्र शिकतात आणि रुग्णालयात बहुधा एकाच रुग्णाभोवती काम करतात. फिजिओथेरपिस्टचा भर ताकद, हालचाल, श्वसन आणि चालण्यावर असतो. मिळालेली ताकद सदऱ्याची बटणे लावण्यात, केस विंचरण्यात, पुन्हा लेथवर उभे राहण्यात कशी उतरवायची, हा व्यवसायोपचाराचा विषय. पक्षाघाताच्या रुग्णाचा हात डोक्यापर्यंत वर जाऊ लागला, तरी हातात दिलेल्या कंगव्याचे काय करायचे हे त्याला कदाचित सुचणार नाही. स्नायू शाबूत असूनही ओळखीची कृती मेंदूला जुळवता येत नाही, अशी ही अवस्था खरोखर असते. ती ओळखायला कंगवा हातात देऊनच पाहावे लागते.

क्लिफ्टन स्प्रिंग्जपासून परळपर्यंत

कामात गुंतलेला रुग्ण लवकर सावरतो, ही समज जुनी आहे. विल्यम ट्यूक या क्वेकर पंथीय गृहस्थाने १७९६ मध्ये इंग्लंडमधील यॉर्क येथे ‘रिट्रीट’ हे मनोरुग्णांसाठीचे घर उघडले. मारहाण आणि साखळदंड यांऐवजी तिथे माणुसकीची वागणूक आणि बागकाम, शिवणकाम यांसारखी कामे हा उपचार ठरला. या समजुतीला शास्त्राची शिस्त यायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

मार्च १९१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या लहान गावात सहा जण जमले आणि त्यांनी व्यवसायोपचाराची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन केली. यजमान होते जॉर्ज एडवर्ड बार्टन हे वास्तुविशारद. क्षयरोग, पायाची शस्त्रक्रिया आणि डाव्या अंगाचा लकवा यांतून ते हातकाम आणि बागकामाच्या आधाराने उठले होते, आणि हा अनुभव इतरांच्या उपयोगी पडावा असे त्यांना वाटत होते. बैठकीत विल्यम रश डंटन हे मनोविकारतज्ज्ञ आणि एलिनॉर क्लार्क स्लेगल या समाजकार्यकर्त्या होत्या. आजाराने मोडलेला दिनक्रम सवयींच्या शिस्तीने पुन्हा उभा करायचा, ही स्लेगल यांची पद्धत पुढे या शास्त्राचा पाया ठरली. त्याच वर्षी अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. जखमी सैनिकांना कामाला लावण्यासाठी प्रशिक्षित स्त्रियांची पथके सैनिकी रुग्णालयांत गेली आणि या व्यवसायाला रुग्णालयात कायमची जागा मिळाली.

भारतात हे शास्त्र मुंबईच्या परळमध्ये रुजले आणि ते रुजवणाऱ्या बाई जन्माने अमेरिकन होत्या. १९०० मध्ये जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी १९३० च्या सुमारास भारतात आल्या आणि विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून कमला निंबकर झाल्या. पुढे त्यांनी फिलाडेल्फियात व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण घेतले आणि १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात भारतातील पहिले व्यवसायोपचार विद्यालय सुरू केले. जागा अगदी चपखल होती. केईएमभोवती गिरणगाव पसरलेले होते. ज्यांची रोजीरोटी हातांवर अवलंबून अशा माणसांची वस्ती दाराशीच होती. १९५२ मध्ये ‘ऑल इंडिया ऑक्युपेशनल थेरपिस्ट्स असोसिएशन’ स्थापन झाली. त्याच वर्षी या व्यवसायाचा जागतिक महासंघ आकाराला आला, तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. १९५५ मध्ये हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. निंबकरबाईंचे नाव आज फलटणमधील ‘कमला निंबकर बालभवन’ या मराठी शाळेमुळे अनेकांना माहीत आहे. डॉ. मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेची ही शाळा. परळमध्ये निंबकरबाईंनी घातलेला पाया मात्र शिक्षणक्षेत्राबाहेर राहिला आणि म्हणूनच कमी लोकांना ठाऊक आहे.

शिक्षण आणि नोंदणी

महाराष्ट्रात या क्षेत्रात यायचे तर बारावी विज्ञान शाखेतून, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेऊन करावी लागते. सध्याच्या पद्धतीत नीट परीक्षेच्या गुणांवर राज्याच्या प्रवेश प्रक्रियेतून जागा मिळते. मुंबईत केईएमशी जोडलेले सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय, नायर रुग्णालयाचे टोपीवाला महाविद्यालय आणि शीवचे लोकमान्य टिळक महाविद्यालय, तर नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही शिक्षणाची जुनी ठिकाणे. त्यांच्या जोडीला खासगी संस्थाही आहेत. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा पदवी अभ्यासक्रम अनेक वर्षे साडेचार वर्षांचा राहिला आहे. चार वर्षे शिक्षण आणि सहा महिने इंटर्नशिप, अशी त्याची विभागणी.

अभ्यासक्रमाची सुरुवात वैद्यकाच्या विद्यार्थ्यासारखीच होते: शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन. पुढे स्नायू आणि सांध्यांचे यांत्रिक शास्त्र, मेंदूविकार, अस्थिरोग, बालरोग आणि मानसशास्त्र येते. मनोविकारशास्त्रालाही इथे मोठी जागा आहे, कारण नैराश्यात माणूस अंघोळही टाळू लागतो आणि दीर्घ मानसिक आजारात दिवसाची घडीच विस्कटते. ती पुन्हा बसवणे हेही याच तज्ज्ञाचे काम. या सगळ्याच्या बरोबरीने विद्यार्थी स्प्लिंट, म्हणजे अवयवाला योग्य स्थितीत धरणारा आधार, बनवायला शिकतो आणि कृतीचे विश्लेषण करायला शिकतो. पोळी लाटणे, कुलूप उघडणे, सही करणे अशी साधी कामे घेऊन त्यांतील प्रत्येक हालचाल, प्रत्येक संवेदना आणि प्रत्येक निर्णय वेगळा मांडून दाखवायचा असतो. पदवीपूर्वी किमान १,००० तास प्रत्यक्ष रुग्णांबरोबर काम झालेले असावे, अशी जागतिक महासंघाची अट आहे.

पदवीनंतर राज्यात काम करण्यासाठी व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी करावी लागते. २०२१ मध्ये संसदेने आरोग्यसेवेतील संलग्न व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याखाली देशभर एकसारखे शिक्षण आणि एकसारखी नोंदणी आणण्याचे काम सुरू झाले आहे. म्हणून प्रवेश घेताना त्या वर्षीचे नियम तपासून पाहणे शहाणपणाचे.

अतिदक्षता विभाग: नळ्यांच्या जंजाळात दात घासणे

मोठ्या रुग्णालयात रुजू झालेल्या नव्या तज्ज्ञाला बहुधा एकाच वॉर्डात ठेवत नाहीत. काही महिने मेंदूविकार, काही महिने हातांचे बाह्यरुग्ण, मग भाजलेले रुग्ण, मुले, मनोविकार अशी पाळी फिरत राहते. त्यांतील सगळ्यांत दडपण आणणारी जागा म्हणजे अतिदक्षता विभाग. सलाईन, कॅथेटर, ड्रेन, श्वासाची नळी, वर हलणारे आकडे. इथे जेवणखाण आणि कपडे यांचा विचार करणारा माणूस काय करणार, असे वाटणे साहजिक आहे.

याचे उत्तर २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. अमेरिकेतील डॉक्टरांनी कृत्रिम श्वासावर असलेल्या १०४ रुग्णांचे दोन गट केले. दोन्ही गटांत गुंगीची औषधे रोज थोडा वेळ थांबवली. एका गटात त्या जागेपणात फिजिओथेरपी आणि व्यवसायोपचार पहिल्या काही दिवसांतच सुरू केले. दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार मिळाले. रुग्णालयातून घरी जाताना पहिल्या गटातील ५९ टक्के रुग्ण स्वतःची रोजची कामे स्वतः करू शकत होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३५ टक्के होते. पहिल्या गटातील रुग्णांचे भ्रमात असण्याचे दिवसही कमी भरले. अतिदक्षता विभागात दिवस-रात्रीचे भान सुटते, माणूस बरळतो, नळ्या ओढतो. पलंगाच्या कडेला आधाराने बसून स्वतःचे तोंड पुसणे किंवा दात घासणे ही कृती त्या भानाला पुन्हा धरून आणते.

नव्या तज्ज्ञाला इथे पहिला धडा थांबण्याचा मिळतो. कामाला हात लावण्याआधी केसपेपर वाचायचा, सिस्टरांना रात्र कशी गेली ते विचारायचे, नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजनचे आकडे पाहायचे. बसवल्यावर रक्तदाब घसरला, चेहरा पांढरा पडला किंवा श्वास वाढला, तर त्या दिवशीचे दात घासणे तिथेच संपते. हृदयविकारानंतरही असाच हिशेब असतो. स्वस्थ बसलेल्या शरीराला लागणारा ऑक्सिजन हे एक माप धरले, तर कपडे घालायला साधारण २ मापे लागतात आणि जिना चढायला ४ च्या पुढे. कोणते काम कधी सुरू करायचे, कोणते बसून करायचे आणि मध्ये कुठे दम घ्यायचा, हे त्यावरून ठरते.

अर्धे ताट न दिसणारा रुग्ण

मेंदूच्या उजव्या भागातील पक्षाघातानंतर काही रुग्णांच्या लेखी जगाची डावी बाजूच उरत नाही. डोळे शाबूत असतात, पण मेंदू त्या बाजूकडे लक्ष देत नाही. रुग्ण ताटाच्या उजव्या अर्ध्यातले खातो आणि जेवण कमी वाढले म्हणून तक्रार करतो. उजव्या गालाची दाढी करतो, डावा तसाच राहतो. डाव्या बाहीत हात घालायचा राहून जातो. घरच्यांना हा हट्ट वाटतो किंवा विसराळूपणा. तज्ज्ञ ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावतो आणि ती दिसेपर्यंत मान वळवायची, मगच पुढचा घास घ्यायचा, असा सराव सुरू करतो. बाजूला ठेवायच्या वस्तू, बोलणारा माणूस, घड्याळ हे सगळे हळूहळू डावीकडे सरकवले जाते.

लकव्याच्या हाताची दुसरी गोष्ट मेंदूविज्ञानातील एका शोधाशी जोडलेली आहे. आजारानंतरच्या पहिल्या आठवड्यांत दुबळा हात वापरून पाहिला की अपयश येते, म्हणून माणूस सगळी कामे चांगल्या हाताने उरकू लागतो. पुढे दुबळ्या हातात थोडी ताकद परतली तरी तो वापरायचा नाही, ही सवय पक्की झालेली असते. एडवर्ड टॉब या अमेरिकन संशोधकाने यावर उलटा उपाय काढला. चांगल्या हातावर जाड हातमोजा चढवायचा आणि दुबळ्या हाताला काम करायला भाग पाडायचे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत २२२ रुग्णांवर हा उपाय तपासला गेला. पक्षाघाताला ३ ते ९ महिने झालेले, मनगट आणि बोटे थोडीफार उघडू शकणारे हे रुग्ण होते. उपचार गटातील रुग्णांनी २ आठवडे जागेपणाचा बहुतेक वेळ मोजा घातला आणि रोज कसून सराव केला. त्यांच्या हाताची सुधारणा नेहमीच्या उपचारांपेक्षा ठळक होती आणि ती टिकलीही.

ज्यांची बोटे अजिबात हलत नाहीत त्यांच्यासाठी आरशाचा उपाय आहे. चेन्नईत शिकलेले मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात तुटलेल्या हाताच्या भासमान वेदनांसाठी तो वापरला. पुढे तो पक्षाघातातही आला. आरसा छातीसमोर उभा धरून दुबळा हात त्यामागे लपवायचा. चांगला हात हलला की आरशात दुसराही हात हलताना दिसतो, आणि त्या दृश्याने मेंदूला हालचालीचा इशारा मिळतो. खर्च एका आरशाचा. म्हणून महापालिकेच्या रुग्णालयालाही तो परवडतो.

हाताच्या आत आणि स्प्लिंटच्या खोलीत

माणसाच्या एका हातात २७ हाडे असतात. बोटे वाकवणारे मुख्य स्नायू कोपर आणि मनगट यांच्या मध्ये आहेत आणि त्यांच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगट ओलांडून बोटांत जातात. तळहाताच्या पुढच्या घडीपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंत दोन कंडरा एकाच अरुंद नळीतून सरकतात. काच किंवा विळी लागून त्या तिथे तुटल्या, तर शल्यविशारद टाका घालतो, पण खरी कसोटी नंतर सुरू होते. बोट हलवले नाही तर कंडरा नळीला चिकटते. जोर लावला तर टाका तुटतो. स्टर्लिंग बनेल या अमेरिकन शल्यविशारदाने या टापूची तुलना दोन सैन्यांमधल्या निर्मनुष्य रणभूमीशी केली होती, इतकी तिथल्या शस्त्रक्रियेची भीती होती. आता मनगट आणि बोटे किंचित वाकलेल्या स्थितीत धरणारी स्प्लिंट हाताच्या मागून बसवतात आणि तिच्या आत पहिल्या काही दिवसांतच मोजकी हालचाल सुरू करतात. सुमारे ६ आठवडे स्प्लिंट, मग हळूहळू ताकदीचे व्यायाम, आणि साधारण १२ आठवड्यांपर्यंत जड काम बंद. भरलेली बादली उचलायची कधी, याची तारीख तज्ज्ञ देतो.

स्प्लिंटचे पांढरे पत्रे एका खास प्लास्टिकचे असतात. सुमारे ६० ते ७५ अंश सेल्सियस गरम पाण्यात ते मऊ होतात आणि रुग्णाच्या हातावर दाबून बसवल्यावर काही मिनिटांत घट्ट होतात. आधी कागदावर हाताचा आकार काढायचा, कापायचे, वळवायचे, कडा गुळगुळीत करायच्या, पट्टे लावायचे. स्प्लिंट काढल्यावर उमटलेला लाल वण २० मिनिटांनंतरही दिसत असेल तर तिथे दाब पडतो आहे, ती जागा सैल करायची. नव्या तज्ज्ञाच्या पहिल्या काही स्प्लिंट अशाच दुरुस्तीत जातात, आणि हात तयार होतो तो त्यातूनच.

भाजलेल्यांच्या वॉर्डात स्प्लिंटचे काम वेदनेच्या विरोधात जाते. भाजलेला हात छातीशी घट्ट धरला की बरे वाटते, मान छातीकडे झुकवली की ताण कमी होतो. पण ज्या स्थितीत आराम, त्याच स्थितीत कातडी आक्रसून सांधा कायमचा बांधला जातो. म्हणून काख भाजली असेल तर हात अंगापासून दूर पसरून ठेवायचा आणि जखम भरल्यावर दाब देणारे घट्ट कपडे, आंघोळीचा वेळ सोडून, महिनोन् महिने घालायचे. त्या स्थितीत राहायला रुग्णाला रोज नव्याने तयार करावे लागते. शारीरिक कौशल्याइतकेच इथे बोलण्याचे कौशल्य लागते.

मात्र सगळ्यांत थक्क करणारी गोष्ट मणक्याच्या वॉर्डात दिसते. मानेत इजा होऊन सहाव्या मज्जाखंडापर्यंतचीच ताकद वाचली, तर रुग्णाला मनगट वर उचलता येते. बोटे मात्र निर्जीव असतात. तरीही मनगट वर उचलले की कंडरा ताणल्या जाऊन बोटे आपोआप मिटतात, आणि मनगट खाली सोडले की उघडतात. निकामी वाटणारा पंजा असा ग्लास, चमचा, पेन धरू शकतो. या रुग्णात मनगट वर ठेवून बोटे सरळ ताणायची नाहीत. ताणली तर कंडरा सैल होतात आणि निसर्गाने ठेवलेली ही पकड कायमची जाते. दुसऱ्या रुग्णात उपकारक ठरणारा ताण या रुग्णात नुकसान करतो. हे नातेवाइकांना, मालिश करायला येणाऱ्याला आणि वॉर्डातल्या मामा-मावशींनाही समजावून सांगावे लागते.

मोजपट्टी परदेशी, घर आपले

रोजच्या कामांतले स्वावलंबन मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी एक मोजपट्टी १९६५ मध्ये अमेरिकेतील मेरीलँड राज्यात फ्लॉरेन्स महोनी आणि डोरोथिया बार्थेल यांनी प्रसिद्ध केली. जेवण, आंघोळ, कपडे, शौच, जिना अशा १० कामांना गुण देऊन ० ते १०० अशी बेरीज येते. पाच मिनिटांत भरता येणारी ही मोजपट्टी नव्या तज्ज्ञाच्या खिशात पहिल्या दिवसापासून असते, आणि तिच्या मर्यादाही त्याला लवकरच कळतात. जेवणाच्या रकान्यात अन्नाचे तुकडे कापायला मदत लागते का, हे विचारले आहे. हाताने भात कालवण्याचा विषय नाही. जमिनीवर मांडी घालून बसणे, तिथून उठणे, उकिडवे बसणे यांना एकही गुण नाही. खुब्याचा सांधा बदलल्यावर अनेकदा काही काळ खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नसतो. म्हणजे भारतीय पद्धतीचे शौचालय बंद, पाट बंद, आणि देवापुढे बसायचे ते खुर्चीवर. परदेशी पुस्तकातल्या सूचनांत हे येत नाही, कारण तिथल्या घरात हा प्रश्नच पडत नाही.

म्हणून मुंबईत, नागपुरात किंवा सोलापुरात काम सुरू करणाऱ्याला मोजपट्टीच्या पुढचे प्रश्न स्वतः तयार करावे लागतात. शौचालय घरात आहे की चाळीच्या टोकाला? मोरीला उंबरा किती? बादली नळाखाली की विहिरीवर? जिन्याला कठडा कोणत्या बाजूला? चूल जमिनीवर की ओट्यावर? नऊवारी की गाऊन? लेंग्याला नाडी की इलॅस्टिक? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर उपचाराचा आराखडा बनतो. प्लास्टिकच्या खुर्चीचे आसन कापून शौचालयावर बसवणे, तांब्याला जाड मूठ करणे, पोळपाटाखाली ओले फडके घालून पोळी एका हाताने लाटता येईल असे करणे, मोरीत खुंटीच्या जागी पक्की दांडी बसवणे, अशा उपायांना फारसा खर्च येत नाही. मात्र रुग्णाच्या घराचा नकाशा डोक्यात असल्याशिवाय ते सुचत नाहीत.

घरच्या माणसांचा प्रश्न याहून नाजूक. आजारी सासऱ्यांना सुनेने घास भरवणे, आजीला नातीने हात धरून न्हाऊ घालणे, हे आपल्याकडे मायेचे आणि कर्तव्याचे काम समजले जाते. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकातले ‘सगळे स्वतः करा’ हे ध्येय तसेच्या तसे सांगितले, तर घरच्यांना ते निष्ठुर वाटते आणि रुग्णाला एकटे पाडल्यासारखे. पण सगळेच इतरांनी केले तर परतू पाहणारी ताकदही वापराविना जाते. अनुभवी तज्ज्ञ मधला मार्ग शोधतात. “काका, बाकीचे वहिनी करतील, पण सकाळचा चहा तुम्ही तुमच्या हाताने घ्यायचा,” असे एक काम रुग्णाचे म्हणून ठरवून टाकतात. ते जमले की दुसरे. कोणते काम आधी परत हवे, हेही रुग्णच सांगतो. एखाद्याला नमाजासाठी गुडघे टेकता येणे आंघोळीपेक्षा महत्त्वाचे वाटेल, एखादीला देवापुढे रांगोळी काढता येणे. त्या निवडीत उपचाराची निम्मी ताकद असते, कारण हव्याशा कामाचा सराव माणूस न सांगता करतो.

पुढच्या वाटा

पहिल्या दोन-तीन वर्षांत बहुतेकांचा ओढा स्पष्ट होतो. कुणी हातांच्या शस्त्रक्रियांनंतरच्या उपचारांकडे वळतो, कुणी मेंदूविकारांकडे, कुणी मनोविकारांकडे. मुलांच्या क्षेत्रात स्वमग्नता आणि सेरेब्रल पाल्सी यांसाठी मोठी मागणी आहे. स्पर्श, तोल आणि हालचालींच्या संवेदना मेंदू कशा जुळवतो यावरचे जीन एअर्स या अमेरिकन व्यवसायोपचारतज्ज्ञ स्त्रीचे काम तिथे पायाभूत मानले जाते. ज्यांना शिकवायचे किंवा संशोधन करायचे आहे त्यांच्यासाठी पदव्युत्तर पदवी आहे. परदेशात जाणाऱ्यांना तिथली नोंदणी वेगळी मिळवावी लागते. देशातही काम शहरांपुरते नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांमुळे जिल्ह्याच्या ठिकाणच्या मुलांपर्यंत हे उपचार पोहोचवण्याची वाट उघडली आहे. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, त्यामुळे ज्यांना मदतीचा हक्क आहे अशा माणसांचे वर्तुळही मोठे झाले.

रुग्णालयात या तज्ज्ञाचे काम सहज नजरेत भरत नाही. शस्त्रक्रिया दिसते, औषध दिसते. मोरीतली दांडी दिसत नाही. अमेरिकेत काही संशोधकांनी रुग्णालयांचा निरनिराळ्या सेवांवरचा खर्च आणि घरी गेलेले रुग्ण महिन्याभरात पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण यांची तुलना केली. हृदय निकामी होणे, न्यूमोनिया आणि हृदयविकाराचा झटका या तिन्ही आजारांत, जास्त खर्चाबरोबर पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण कमी आढळले अशी त्यांच्या यादीतील एकच सेवा होती: व्यवसायोपचार. अशा तुलनेतून कार्यकारण सिद्ध होत नाही, पण संशोधकांनी दिलेले स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे. रुग्ण घरी सुरक्षित राहू शकेल का, औषधे वेळेवर घेऊ शकेल का, सोबतीला कोण आहे, याची विचारपूस या सेवेत मुळातच होते. महापालिकेच्या गजबजलेल्या वॉर्डात राउंड सुरू असताना नवा तज्ज्ञ धीर करून “घरी जिना किती पायऱ्यांचा?” असे विचारतो, तेव्हा तो उपचारच करत असतो, आणि ती नोंद केसपेपरवर झालीच पाहिजे.